टेस्ट लटकली? थांबा, लगेच मारू नका

सीआयवर (कोड टाकला की आपोआप बिल्ड-टेस्ट चालवणारं सर्व्हर) बिल्ड फिरून राहिली, फिरूनच राहिली, आयटी पार्कच्या टपरीवर तर्री-पोहे खाऊन वापस आलो तरी लॉगची शेवटची लाइन तीच. मग कोणीतरी कॅन्सल दाबते, री-रन मारते, दुसऱ्यांदा पास झाली की सगळे खुश. भाऊ, असं नका करू. लटकलेला प्रोसेस हाच तर पुरावा आहे, पंचनाम्याआधी बॉडी हलवते का कोणी?

पहिले टॉप ही कमांड लावून प्रोसेस किती सीपीयू खाऊन राहिला ते पाहा. शंभर टक्क्यांच्या आसपास असेल तर कुठंतरी लूप संपून नाही राहिला. शून्य असेल तर तो कशाची तरी वाट पाहून राहिला: लॉक, नेटवर्क, पाइप (एका प्रोसेसचं आउटपुट दुसऱ्याला देणारी नळी), नाहीतर चक्क कोणीतरी 'वाय' दाबायची (हसू नका, इन्स्टॉल स्क्रिप्ट हो की नाही विचारते आणि सीआयवर हो म्हणायला कोणीच बसलेलं नसते, म्हणून इनपुट डेव्ह-नलला, म्हणजे लिनक्सच्या रिकाम्या फाइलला, जोडून टाकायचं).

मग स्टॅक काढा, म्हणजे प्रोग्राम या क्षणी कोणत्या फंक्शनच्या कोणत्या लाइनवर आहे त्याची यादी (तिलाच डंप, बॅकट्रेस, ट्रेसबॅकही म्हणतात). जावा असेल तर जेस्टॅक, पायथनला पाय-स्पायचा डंप, सी-सी प्लस प्लसवाल्यांनी जीडीबी अटॅच करून सगळ्या थ्रेडचा बॅकट्रेस घ्यायचा. उबंटूवर परमिशन नाही म्हणालं तर सुडो लावा, डॉकरमध्ये पीट्रेसची (दुसऱ्या प्रोसेसमध्ये डोकावायची) कॅपॅबिलिटी द्यावी लागते. आणि एकच डंप घेऊन निघू नका, थोड्या थोड्या वेळानं दोन-तीन घ्या, दरवेळी तीच लाइन दिसली तर अडकलाय, बदलत असेल तर नुसता स्लो असेल, नाहीतर लूपमध्ये फिरून राहिला असेल.

सगळ्यात जास्त झांगडगुत्ता पाइपचा. टेस्ट (म्हणजे पॅरंट) एक दुसरा, चाइल्ड प्रोसेस सुरू करते, त्याचं आउटपुट पाइपमध्ये घेते आणि काही न वाचता वेट करत बसते. लिनक्सवर पाइपचा बफर साधारण 64 केबी, तो भरला की चाइल्डचं राइट अडकते, म्हणजे चाइल्ड थांबला पॅरंट वाचायची वाट पाहत आणि पॅरंट थांबला चाइल्ड संपायची. आपल्या लॅपटॉपवर पास काहून होते? कारण तिथं लॉग कमी, सीआयवर डीबग लेव्हल चालू. पायथनमध्ये वेटच्या जागी कम्युनिकेट वापरा, तो आउटपुट वाचत वाचत चाइल्ड संपायची वाट पाहते.

आता ज्या मशीनवर लॉगिनच नाही तिथं काय करायचं, तर तयारी आधीच करून ठेवायची. गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये जॉबचा डिफॉल्ट टाइमआउट 360 मिनिटं आहे, एवढा वेळ रनर (जॉब चालवणारी मशीन) अडवून ठेवण्यात काय मतलब, कमी करा. गोवाल्यांचं बरं आहे, गो टेस्ट 10 मिनिटांनी स्वतःच पॅनिक होऊन गोरूटीनचे (गोच्या हलक्या थ्रेडचे) स्टॅक छापते. पायटेस्टमध्ये फॉल्टहँडलरचा टाइमआउट सेट करा, टेस्ट त्याच्यावर गेली की सगळ्या थ्रेडचे ट्रेसबॅक लॉगमध्ये येतात. पण तो टेस्टला मारत नाही, मारायला वेगळा टाइमआउट लावा आणि तो मोठा ठेवा, नाहीतर डंप यायच्या आधीच खेळ खल्लास.