सिंगल रोडवर ओव्हरटेक: आधी मागे राहा, मग उजवीकडून काढा

माझ्याकडे गाडी शिकायला येणारे बहुतेक जण ओव्हरटेकच्या आधी ट्रकला जाऊन चिकटतात. चिकटलं की समोर दिसतो तो नुसता फाळका. जरा मागे राहा, ट्रकच्या उजवीकडचा रस्ता लांबपर्यंत दिसायला लागतो.

मग हिशोब करा. ट्रक 50 ने चाललाय, तुम्ही 70 ने. फरक ताशी 20 किलोमीटरचा. ट्रकची लांबी आणि मागचं-पुढचं अंतर धरलं तर पार व्हायला साधारण 10 सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही 190 मीटर जाता आणि समोरून 70 ने येणाराही तेवढाच जवळ येतो. म्हणजे जवळपास 400 मीटर रस्ता मोकळा दिसत नसेल तर विषय संपला. वळणावर, चढाच्या माथ्यावर तो दिसणारच नाही, म्हणून तर तिथे मनाई. तुमच्या बाजूला अखंड पिवळी रेषा असली तरी नाहीच.

रस्ता मोकळा आहे? आरसा बघा, मागचा कुणी आधीच तुम्हाला ओव्हरटेक करायला निघालेला नाही ना? उजवा इंडिकेटर, गरज पडली तर एक गिअर खाली, आणि काढा गाडी. रात्री एकदा डिपर मारा. शेजारी रेंगाळू नका. आतल्या आरशात ट्रकचं अख्खं तोंड दिसलं की डावा इंडिकेटर देऊन आत या. त्याआधी घुसलात तर ते कट मारणं झालं.

ट्रकवाला डावा इंडिकेटर देऊन ‘जा’ म्हणतो, पण तो खरंच डावीकडे वळणारही असू शकतो. समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पुढची कार निघाली म्हणून तिच्या मागोमाग निघणं तर त्याहून वाईट. तिला दिसलेली मोकळी जागा तुमच्यासाठी उरलेली नसते.

डावीकडून जायची मुभा 2017 च्या वाहनचालन नियमांत आहे, पण पुढचा उजवीकडे वळायचा इशारा देऊन रस्त्याच्या मध्याकडे सरकला असेल तेव्हा. बेकायदा ओव्हरटेकमुळे इतरांच्या जिवाला धोका झाला तर मोटार वाहन कायद्याचं कलम 184 लागतं: पहिल्या वेळी 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही.

आणि कुणी तुम्हाला ओव्हरटेक करत असेल तर वेग वाढवू नका. पुष्कळांचा पाय नेमका तेव्हाच एक्सलरेटरवर जड होतो.