व्हीव्हीटी सोलेनॉइड बदलण्याआधी या चुका टाळा

स्कॅनरवर पी००११ हा बिघाडाचा कोड दिसला की लोक थेट नवा व्हीव्हीटी सोलेनॉइड मागवतात, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचा, विजेवर चालणारा ऑइलचा व्हॉल्व्ह. ही चूक सगळ्यात जास्त वेळा दिसते आणि सगळ्यात महागात पडते. पी००११ एवढंच सांगतो, की बँक १ च्या (सिलिंडरच्या पहिल्या रांगेच्या) इनटेक कॅमचं, म्हणजे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं, टायमिंग हवं त्यापेक्षा पुढे गेलंय. पी००१२ असेल तर ते मागे राहिलंय. कशामुळे, ते या कोडमध्ये लिहिलेलं नसतं. सोलेनॉइड अडकलेला असू शकतो, तसंच ऑइल कमी किंवा चुकीच्या ग्रेडचं असू शकतं, फेझर (कॅमच्या टोकावरचं, ऑइलच्या दाबाने टायमिंग पुढेमागे करणारं चक्र) झिजलेला असू शकतो, टायमिंग चेन ताणलेली असू शकते. वायरिंग किंवा कॉइलकडे बोट दाखवणारा कोड वेगळा, पी००१०. तो आला तर आधी मल्टिमीटर काढा. बाकी दोघांसाठी आधी डिपस्टिक काढा. कॅमचं टायमिंग पुढेमागे होतं ते ऑइलच्या दाबावर. सोलेनॉइड फक्त ते ऑइल कुठे जायचं हे ठरवतो.

ओळखीतल्या एकाची गाडी गरम झाली की आयडलवर थरथरायची, कधी बंदच पडायची. त्याने घरीच सोलेनॉइड बदलला. कोड गेला, आणि काही आठवड्यांत परत आला. पार्ट डुप्लिकेट निघाला असं ठरवून तो आणखी एक घ्यायला निघाला होता. मी त्याला आधी बसवलेला बाहेर काढायला लावला. त्याच्या बारीक जाळीत राखाडी, रबरासारखे तुकडे अडकले होते. नखाने ओढले तर ताणले जात होते. गाळ असा ताणला जात नाही, हे सिलिकॉन होतं. आधी कधीतरी व्हॉल्व्ह कव्हर बसवताना कुणीतरी सढळ हाताने सिलिकॉन लावलं होतं आणि आत दबलेल्या कडेचे तुकडे पडून ऑइलबरोबर फिरत होते. काढून ठेवलेल्या जुन्या सोलेनॉइडच्या जाळीतही तेच निघालं. कव्हर उघडून सगळं सिलिकॉन खरवडलं, ऑइल आणि फिल्टर बदलला, जुना सोलेनॉइड धुऊन परत बसवला. गाडी त्याच्यावरच चालते आहे. म्हणून काढलेला पार्ट फेकण्याआधी त्याची जाळी उजेडात धरून बघा. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि बहुतेक जण घाईत विसरतात.

सोलेनॉइड शोधताना कॅम सेन्सरच उपटणारेही खूप. बहुतेक इंजिनांत सोलेनॉइड हेडच्या चेनकडच्या टोकाला असतो: गोल अंग, दोन पिनांचा कनेक्टर, एकच छोटा बोल्ट. कॅम सेन्सरला बहुधा तीन वायरी असतात. इनटेक आणि एक्झॉस्टचे सोलेनॉइड वेगळे असतील तर कोड नीट वाचा. पी००१४ एक्झॉस्टचा आहे.

इंजिन चालू असताना कनेक्टर काढायचा, फरक पडला नाही म्हणजे सोलेनॉइड गेला, हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. आयडलवर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बहुतेक वेळा इनटेकच्या सोलेनॉइडला जवळपास आरामातच ठेवतो. मग फरक पडणार कसा? उलट करा. इंजिन गरम असताना, आयडलवर, कनेक्टर काढून फ्यूज लावलेल्या वायरीने इनटेक सोलेनॉइडला क्षणभर १२ व्होल्ट द्या. आयडल बिघडलं किंवा इंजिन बंद पडलं, तर सोलेनॉइड आणि ऑइलचा मार्ग दोन्ही काम करताहेत. काहीच झालं नाही, तर अडकलेला स्पूल (सोलेनॉइडच्या आतला सरकणारा दांडा), तुंबलेली जाळी किंवा फेझर तपासा. क्षणभर म्हणजे क्षणभरच. ईसीयू त्याला सलग १२ व्होल्ट देत नाही, तुकड्यातुकड्याने देतो. बॅटरीला जोडून ठेवलात तर चांगली कॉइल जाळाल.

ओहम मोजतानाही घाई नडते. बऱ्याच टोयोटा इंजिनांत २० अंशांना ६.९ ते ७.९ ओहम हवेत. इतर गाड्यांचा आकडा त्यांच्या मॅन्युअलमधून घ्या. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे ७.४ ओहमची धडधाकट कॉइल ९० अंशांना साडेनऊच्या आसपास दाखवते. लोक गरम इंजिनवर मोजतात आणि पार्ट बाद करतात. मी थंड असताना मोजतो, मग गरम असताना. गरम झाल्यावर आकडाच गायब झाला, तर कॉइल आतून तुटते आहे. मोजण्याआधी मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवून त्यांचा रोध वजा करा.

काढलेल्या सोलेनॉइडला क्षणभर करंट दिल्यावर ‘टक’ आवाज आला म्हणजे पार्ट चांगला, असंही नाही. टॉर्च मारून बघा, स्पूल पूर्ण सरकतो आणि झटक्यात परत येतो का.

बसवताना ओ-रिंग नवी, ऑइल लावून. बोल्ट ताकदीने आवळू नका, खाली अॅल्युमिनियमचे आटे आहेत. कनेक्टर वायरीला धरून ओढू नका. कनेक्टरमध्ये ऑइल दिसलं तर सोलेनॉइड आतून गळतो आहे, तो मात्र बदलाच.

आणि थंड इंजिन सुरू करताना क्षणभर खडखड येत असेल, तर सोलेनॉइडचा नाद सोडून फेझर आणि चेनकडे वळा.