खडे काढून वाळू टाकताना

नेरुळच्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन फुटी टँक आहे, त्यात सहा कोरीडोरास. दिवसभर तळ चाचपत फिरणारे मिशाळ मासे. खाली निळे टोकदार खडे, त्यांच्या फटींत घाण. वर्षभरात बिचाऱ्यांच्या मिशांचे खुंट झाले, तेव्हा वाळूचं मनावर घेतलं.

बांधकामाची क्रश सँड नको, ती दगड फोडून केलेली, कडा धारदार. खाडीची फुकट मिळाली तरी नको. मीठ आणि गाळ दोन्ही घरी येतात. एका दुकानदाराने मला पांढरीशुभ्र वाळू गळ्यात मारली. घरी चमचाभर घेऊन त्यावर व्हिनेगर ओतलं, तर इनो टाकल्यासारखी फसफसली. म्हणजे शिंपल्यांचा चुरा. त्याने पाण्यात क्षार वाढून ते जड होतं, पीएच (पाण्याचा आम्ल-अल्कपणा) चढतो. शेवटी स्विमिंग पूलच्या फिल्टरमध्ये घालतात ती सिलिका वाळू आणली. 60 बाय 30 सेंटीमीटरच्या तळावर 4 सेंटीमीटर थर द्यायला 11-12 किलो लागते. लिफ्ट चालू आहे ना, ते आधी बघा.

तांदूळ धुतो तशीच धुवायची, पाव बादली एका वेळी, पाणी नितळ येईपर्यंत. धुवण मोरीत ओतू नका. पाइप तुंबला की खालचे काका वर येतात.

आता खरं दुखणं. विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. तो पचवणारे बॅक्टेरिया फिल्टरच्या स्पंजवर असतात, तसेच खड्यांवरही. खडे काढले की ती फौज निम्मी होते. मागच्या टँकच्या वेळी मी उत्साहाच्या भरात त्याच दिवशी स्पंजही नळाखाली लख्ख धुतला. चौथ्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकायला लागले. रोज पाणी बदललं, तरी दोन गेलेच. म्हणून यंदा फिल्टर महिनाभर धुतला नाही, आणि दोन मुठी जुने खडे पातळ मोज्यात बांधून फिल्टरच्या धारेशी लटकवले. दिसायला गचाळ, पण तीन-चार आठवडे राहू द्या.

रविवारी सकाळी टबात जुनं पाणी काढलं, त्यात मासे, एअर पंप आणि फिल्टरचा स्पंज. वर जाळी, कारण कोरी उड्या मारतात. खडे तांब्याने उपसले. तळाचं काळं पाणी तुळशीला घातलं. वाळू पसरली, वर बशी ठेवून तिच्यावर सावकाश जुनं पाणी ओतलं, उरलेलं नळाचं, अँटी-क्लोरीन घालून. गढूळपणा बसल्यावरच फिल्टर लावा. वाळू आत गेली तर इम्पेलर, म्हणजे पाणी फिरवणारं पातं, घासला जातो. पुढचे दोन दिवस खाद्य चिमूटभरच.

आता सायफन, म्हणजे तळाची घाण ओढायची नळी, वाळूत खुपसायचा नाही, इंचभर वरून फिरवायचा. आठवड्यातून एकदा मी विणकामाच्या सुईने वाळू हलकेच उकरते, नाहीतर खाली काळे डाग धरतात आणि सडक्या अंड्याचा वास येतो.

मासे संध्याकाळी परत सोडले. पाचच मिनिटांत एकीने डोळ्यांपर्यंत तोंड वाळूत खुपसलं आणि कल्ल्यांतून दोन्हीकडे बारीक वाळू उडाली.