घरात सापडलेल्या मेडलवरून आजोबा-पणजोबा कुठं लढले ते कसं शोधायचं

आधी एक विनंती, मेडल सापडलं की लगेच घासायला घेऊ नका. चिंच नको, राख नको, पितांबरी तर नकोच. आमच्याकडं दर दिवाळीला पणजोबांचं मेडल तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर घासलं जायचं, आणि कडेवरची निम्मी अक्षरं त्यातच गेली. आणि सगळी माहिती त्या कडेवरच असते हो!

मेडल उभं धरा आणि मोबाईलचा टॉर्च तिरका मारा. पहिल्या महायुद्धाचं गोल मेडल असेल तर जाडीवर बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली दिसेल. आमच्या मेडलवर आधी फक्त "१०३" वाचता आलं, मग बराच वेळ फिरवून फिरवून "महराटा" लागलं. नावाचं स्पेलिंग बघून दचकू नका, साहेबाला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलंय, आडनाव तर पुष्कळदा नसतंच. नंबर मात्र जसाच्या तसा लिहून घ्या.

पलटणीचा आकडा कळला की खरी गोष्ट सुरू होते. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या, तिथल्या कुत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला आतल्या ब्रिटिश-भारतीय फौजेनं शरणागती पत्करली, तोवर उपासमारीनं माणसं खंगून गेली होती. १९२२ मध्ये पलटणींचे आकडे बदलले, १०३ ची पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली, ११० ची तिसरी, ११७ ची पाचवी. हे माहीत नसलं की माणूस भलत्याच पलटणीचा इतिहास वाचत बसतो.

पहिल्या महायुद्धाचं, घोडेस्वाराचं चित्र असलेलं आणि १९१४ व १९१८ लिहिलेलं मेडल चांदीचं असेल तर बहुतेक शिपाई, आणि तेच काशाचं असेल तर मजूर किंवा खेचरं हाकणारे वगैरे लोक. ते काही कमी नाहीत, त्यांच्याशिवाय पुढं ना दाणा पोचला असता ना गोळी.

दुसऱ्या महायुद्धाचं असेल तर सहा टोकांचा तारा बघा, त्यावर माणसाचं नाव बहुतेक नसतं पण पुष्कळदा युद्धभूमीचं नाव असतं. आफ्रिका स्टार, इटली स्टार, बर्मा स्टार. आफ्रिका म्हटलं की फक्त वाळवंट डोळ्यासमोर आणू नका, १९४१ ची इरिट्रियातली केरेनची लढाई पण त्यातच येते आणि मराठे तिथं होते. इटली स्टार आणि तिसरी बटालियन असा मेळ बसला तर नाईक यशवंत घाडगे यांचीच बटालियन, १० जुलै १९४४ ला त्यांना वीरमरण आलं, मग व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. भारताचा नकाशा असलेलं मेडल देशातच केलेल्या नोकरीचं.

आणि हे पण सांगितलंच पाहिजे, बहुतेक घरांतली मेडलं युद्धात हजर होते म्हणून मिळालेली असतात, शौर्यपदकं वेगळी. उगाच मोठं करून सांगू नका, कुतमध्ये टिकून राहणं हेच केवढं मोठं आहे.

आता कागद. डिस्चार्जचा कागद, पेन्शनबुक, जुनी पत्रं असं सगळं पेटीच्या तळापर्यंत शोधा. मग नंबर, नाव, गाव आणि तुमचं नातं लिहून मेडलच्या फोटोसकट बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र पाठवा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा. उत्तराला वेळ लागतो, चिकाटी ठेवा. युद्धात मरण पावले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन (युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) च्या साईटवर फुकट शोधता येतं, तिथं नाव तीन-चार स्पेलिंगनी टाकून बघा. पलटणीच्या रोजच्या डायऱ्या लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये म्हणजे सरकारी दफ्तरखान्यात आहेत, त्यात साध्या शिपायाचं नाव क्वचितच येतं, पण त्या दिवशी पलटण कुठं होती आणि किती माणसं पडली ते कळतं.

आणि आज घरी जे कोणी म्हातारं माणूस आहे त्याच्याजवळ मेडल घेऊन बसा, फोनवर रेकॉर्डिंग लावा, मेडल त्यांच्या हातात द्या आणि मग विचारा.