लॅपटॉप तापतोय? व्होल्टेज थोडं उतरवा

म्हापशात मे महिन्यात गेम लावला की माझा लॅपटॉप ९५ अंशांवर जायचा, प्रोसेसर आपणहून वेग पाडायचा आणि चित्र अडखळायचं. कूलिंग पॅडने फार फरक पडला नाही. पडला तो प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज उतरवल्यावर, तेही फुकटात.

इंटेल प्रोसेसर असेल तर:

१. थ्रॉटलस्टॉप हा विंडोजवरचा फुकट प्रोग्रॅम डाउनलोड करा, त्यातला एफआयव्हीआर (व्होल्टेजचा विभाग) उघडा.
२. 'सीपीयू कोअर' निवडा, 'अनलॉक अ‍ॅडजस्टेबल व्होल्टेज'वर टिक करा, ऑफसेट (मूळ व्होल्टेजपासूनचा फरक) उणे ५० मिलिव्होल्ट ठेवा. 'सीपीयू कॅश'लाही तोच आकडा द्या. इथेच बरेच जण चुकतात: एकालाच दिला तर बऱ्याच प्रोसेसरांवर काही होत नाही.
३. अ‍ॅप्लाय करा आणि अर्धा तास नेहमीचा जड गेम खेळा.
४. सगळं ठीक असेल तर १०-१० ने खाली जा. लॅपटॉप गोठला किंवा निळा पडदा आला की १५-२० मागे या, तिथेच थांबा. मित्राचा आकडा उचलू नका, प्रत्येक चिप वेगळी.

स्लायडर हलतच नसेल तर कंपनीने बायोसमधून (लॅपटॉप चालू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधून) कुलूप घातलंय. २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही, व्होल्टेज बदलण्याच्या सोयीतली सुरक्षेची त्रुटी उघड झाल्यापासून हे सर्रास होतं. मग निदान पंख्यातली धूळ काढा.

आकडा पक्का होईपर्यंत हे विंडोजबरोबर आपोआप सुरू होऊ देऊ नका, नाहीतर मशीन चालू होतानाच अडकेल.