व्हिसा दहा वर्षांचा, पण राहायचं किती? आई-बाबांच्या अमेरिकेतल्या लांब मुक्कामाचं गणित

नाशिकच्या नोट प्रेसमधून किंवा ओझरच्या एचएएल विमान कारखान्यातून निवृत्त झालेलं जोडपं, मुलगा न्यू जर्सीत नाहीतर डॅलसला आणि पासपोर्टवर दहा वर्षांचा बी१/बी२, म्हणजे कामानिमित्त भेटीचा आणि पर्यटनाचा, व्हिसा. इंदिरानगर, कॉलेज रोड, गंगापूर रोड, कुठेही विचारा, असं घर सापडतंच. त्या घराला सोसायटीच्या ग्रुपवर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "दहा वर्षांचा व्हिसा आहे ना, मग राहा की निवांत." हा सल्ला ऐकून राहिलात तर आहे तो व्हिसाही घालवून बसाल. व्हिसावरची तारीख फक्त एवढंच सांगते की त्या तारखेपर्यंत तुम्ही अमेरिकेच्या दारात जाऊन उभे राहू शकता. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि ते आय-९४ नावाच्या नोंदीत लिहिलेलं असतं.

पासपोर्ट आणि व्हिसा

पासपोर्टची किमान दीड वर्ष शिल्लक नसेल तर आधी नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रात नूतनीकरण करून घ्या. याचं कारण पुढे येईलच. व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर प्रवासात दोन्ही पासपोर्ट न्यायचे. जुना कपाटात ठेवून निघू नका.

डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म मुलाने भरला तरी चालतो, पण आई-बाबांनी तो ओळ न् ओळ वाचलेला हवा. मुलाखतीत विचारतात ते त्यातलंच. शुल्क माणशी १८५ डॉलर, पण भरण्याच्या दिवशी आकडा पुन्हा तपासा. मुलाखतीला नेलेल्या फॉर्मचा क्रमांक आणि अपॉइंटमेंटवरचा क्रमांक एकच हवा. फॉर्म नव्याने भरला असेल तर अपॉइंटमेंटमध्येही तो बदलून घ्या. २ सप्टेंबर २०२५ पासून ऐंशीच्या पुढच्यांनाही साधारणपणे मुलाखतीला जावंच लागतं. वयाची जुनी सवलत आता धरून चालू नका.

बोटांचे ठसे एका दिवशी आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कॉन्सुलेटमधली मुलाखत बहुधा दुसऱ्या दिवशी, म्हणून मुंबईत एक रात्र मुक्काम करा. पहाटे गाडी काढून कसारा घाट उतरून वेळेत पोचायचा आटापिटा सत्तरीतल्या माणसाला कशाला? मोबाइल आत नेता येत नाही, तो बरोबर आलेल्याकडे द्या. आणि मुलाखत मराठीत देता येते. मोडक्या इंग्रजीत "सन, सन, न्यू जर्सी" करण्यापेक्षा सरळ मराठीत, छोट्या वाक्यांत उत्तरं द्या. कागदांची जाडजूड फाइल अधिकारी बऱ्याचदा उघडतसुद्धा नाही.

उतरल्यावरचे पहिले दोन दिवस

विमानतळावर विचारतात: कशासाठी आलात, कुणाकडे, किती दिवस. परतीचं तिकीट पाच महिन्यांनंतरचं असेल तर "पाच महिने" असंच सांगा. "दोन महिने" सांगून आत जायचं आणि नंतर मुदतवाढ मागायची, ही युक्ती सुचवणारे पुष्कळ भेटतात. मुदतवाढीच्या अर्जावर अधिकारी नेमका हाच फरक पाहतो. नातवाबद्दल विचारलं तर "नातवाला भेटायला आलो" हे खरं आणि पुरेसं उत्तर आहे. "बेबीसिटर परवडत नाही म्हणून बोलावलंय" असं म्हणालात तर पगार नसला तरी ते काम ठरू शकतं, आणि या व्हिसावर काम चालत नाही.

पर्यटकाला सहसा सहा महिने मिळतात. हे कॅलेंडरचे महिने असतात, १८० दिवस नव्हेत. १० मे रोजी उतरलात तर साधारण ९ नोव्हेंबरपर्यंत. पण "सहसा" या शब्दावर विसंबून तिकीट काढायचं नसतं. पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर मुक्कामही पासपोर्टच्या तारखेलाच संपवलेला असू शकतो. पासपोर्टची मुदत आधी बघायला सांगितली ती यासाठी.

आता बऱ्याच विमानतळांवर पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. म्हणून उतरल्यावर दोन दिवसांच्या आत अमेरिकी सीमाशुल्क खात्याच्या, म्हणजे सीबीपीच्या, आय-९४ साइटवर जाऊन नोंद काढायची आणि पीडीएफ जपून ठेवायची. यासाठी पैसे पडत नाहीत. पैसे मागणारी साइट दिसली तर ती दुसऱ्या कुणाची तरी आहे.

मराठी माणूस इथे हमखास अडकतो. आपल्या पासपोर्टवर "गिव्हन नेम" या रकान्यात स्वतःच्या नावाबरोबर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. साइटवर नुसतं "सुनंदा" टाकलं तर नोंद सापडत नाही आणि घरात धावपळ सुरू होते. पासपोर्टवर "सुनंदा अशोक" असेल तर तेच दोन्ही शब्द मध्ये जागा सोडून टाका. तरीही मिळाली नाही तर जुन्या पासपोर्टचा क्रमांक टाकून पाहा.

नोंदीत तीन गोष्टी बघायच्या: नाव, वर्ग बी-२ आहे ना, आणि "अॅडमिट अनटिल" ही तारीख. नवरा-बायकोची नोंद वेगवेगळी असते, दोघांचीही बघा. एकाला सहा महिने आणि दुसऱ्याला कमी, असंही होऊ शकतं. काही चुकलं असेल तर जवळच्या विमानतळावरच्या सीबीपीच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयाशी संपर्क साधून लगेच दुरुस्त करून घ्या. पाच महिन्यांनी लक्षात आलं तर कुणाला काय समजावणार?

परतीचं तिकीट त्या तारखेच्या किमान आठवडाभर आधीचं ठेवा. त्या तारखेनंतर एक दिवस जरी जास्त राहिलात तरी तो दहा वर्षांचा व्हिसा आपोआप रद्द ठरतो. १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून बाहेर पडलं की तीन वर्षं प्रवेशबंदी, आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिलं तर दहा वर्षं.

मुदतवाढ: आधी हवी का ते ठरवा

माझं मत स्पष्ट आहे: ठोस कारण नसेल तर मुदतवाढ मागूच नका. तब्येत बिघडली आणि डॉक्टर प्रवास नको म्हणाले, सुनेच्या बाळंतपणात गुंतागुंत झाली, घरात शस्त्रक्रिया ठरली, ही कारणं समजण्यासारखी आहेत. "थंडी कशी असते ते बघायचंय" हे कारण नव्हे. नकार आला तर त्याची नोंद राहते.

"चार दिवस कॅनडाला जाऊन या, पुन्हा सहा महिने मिळतात" हाही असाच फिरणारा सल्ला. ३० दिवसांच्या आतल्या कॅनडा-मेक्सिकोच्या फेरीनंतर बहुधा जुनंच आय-९४ चालू राहतं, घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही.

आय-५३९ भरताना

मुदतवाढीचा अर्ज म्हणजे आय-५३९. तो यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे, अमेरिकेत असतानाच आणि आय-९४ संपायच्या आत पोचला पाहिजे. खातं स्वतः किमान ४५ दिवस आधी भरायला सांगतं. मी म्हणेन ६० ते ७५ दिवस आधी भरा. उतरल्यावर महिनाभरातच भरू नका, राहण्याचा बेत आधीपासूनच होता असं त्यातून दिसतं.

ऑनलाइन भरा. शुल्क ४२० डॉलर, कागदी अर्जाला ४७०. पूर्वीचे बोटांच्या ठशांचे वेगळे ८५ डॉलर ऑक्टोबर २०२३ पासून बंद झाले, तरी जुने लेख ते अजून मागतात. ठशांसाठी बोलावणं आलंच तर मात्र जावंच लागतं. नवरा-बायको एकाच अर्जात बसतात: एक मुख्य अर्जदार, दुसरा सहअर्जदार म्हणून आय-५३९ए, आणि शुल्क एकच. व्याही-विहीणबाईंना त्याच अर्जात घुसवता येत नाही, त्यांचा अर्ज वेगळा.

ऑनलाइन अर्जासाठी लॉगिनचं खातं उघडताना ईमेल आई-बाबांचा किंवा मुलाचा चालेल, पण पासवर्ड घरातल्या दोघांना तरी माहीत हवा. नोटिसा तिथेच येतात.

अर्जाचा जीव पत्रात असतो. एक पान पुरे. त्यात चार गोष्टी हव्यात: जास्त का राहायचंय, नेमकं कोणत्या तारखेपर्यंत, तोवर खर्च कोण करणार, आणि परत जाणार हे कशावरून. तारीख गरजेपुरतीच मागा. दोन महिने लागणार असतील तर सरसकट सहा महिने मागू नका. एका अर्जाला सहा महिन्यांपेक्षा जास्त मिळतही नाहीत. कारण असं लिहा की ते आल्यानंतर उद्भवलंय हे तारखांवरून दिसेल. डॉक्टरांच्या पत्रात "विश्रांती हवी" एवढंच नको. निदान, उपचार आणि प्रवास कधीपर्यंत टाळायचा हे असावं.

परतण्याच्या पुराव्यात आपल्या लोकांची बाजू भक्कम असते, पण ते ती मांडत नाहीत. पेन्शनचा आदेश, गंगापूर रोडच्या फ्लॅटची घरपट्टी, दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबाग असेल तर सातबारा. सातबारा मराठीत असतो, त्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडा. खाली भाषांतरकाराने सही करून लिहायचं की भाषांतर पूर्ण आणि बिनचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात. नोटरीची गरज नाही, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. बाग असेल तर ऑक्टोबरची छाटणी आणि जानेवारीनंतरची काढणी पत्रात लिहा. माणूस परत का जाणार हे त्या दोन ओळींतून जितकं कळतं तितकं बँकेच्या दहा पानांतून कळत नाही.

शिवाय दोघांचे आय-९४, पासपोर्टची आणि व्हिसाची पानं, मुलाच्या पगाराच्या अलीकडच्या स्लिपा, त्याचं खर्च उचलण्याचं पत्र, आणि बदललेल्या तारखेचं परतीचं तिकीट. वाढीव दिवसांसाठी व्हिजिटर इन्शुरन्सही आधीचा संपायच्या आत वाढवून घ्या. एकदा खंड पडला की मधल्या काळातलं दुखणं "जुनं" म्हणून नाकारतात.

अर्ज भरल्यानंतर

पावती येते, आय-७९७सी. ती मंजुरी नव्हे. वेळेत भरलेला अर्ज प्रलंबित असताना आय-९४ ची तारीख उलटली तरी थांबता येतं, तो काळ बेकायदा धरत नाहीत. पण निर्णयाला महिनेच्या महिने लागू शकतात. तुम्ही १५ जानेवारीपर्यंत मागितलं आणि १५ जानेवारी आला तरी उत्तर नाही, अशी वेळ येते. "अजून पेंडिंग आहे" म्हणून त्यापुढे राहू नका. मागितलेल्या तारखेला निघायचं, उत्तर आलेलं असो वा नसो. निघालात की अर्ज सोडून दिल्यासारखा धरला जाऊ शकतो, त्यात गैर काही नाही. पावती, पत्राची प्रत आणि बोर्डिंग पास मात्र जपून ठेवा, पुढच्या खेपेला विमानतळावर विचारलं तर दाखवता येईल.

नकार आला तर दुसऱ्या दिवसापासून बेकायदा मुक्काम मोजायला लागतात. मिळेल त्या विमानाने निघा. पुन्हा अर्ज की अपील असा घोळ घालायचा असेल तर त्याआधी अमेरिकेतल्या इमिग्रेशन वकिलाला विचारा, नाशिकच्या एजंटला नव्हे.

मंजुरी आली तर आय-७९७ए येतं आणि त्याच्याच तळाशी नवं आय-९४ असतं. सीबीपीच्या साइटवर मात्र जुनीच तारीख दिसत राहू शकते. घाबरू नका, तळाचा तो तुकडा हाच पुरावा.

इकडची दोन कामं

नोव्हेंबरमध्ये तिकडे असाल तर पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला अडतो. भारतीय दूतावासाकडून किंवा वाणिज्य दूतावासाकडून तो साक्षांकित करून घेता येतो. बँकेला कसा चालेल ते निघण्याआधी शाखेत विचारून ठेवा. आणि बँकेशी जोडलेलं सिम कार्ड रिचार्ज करून रोमिंगसह बरोबर न्या, ओटीपी त्याच्यावरच येतो.

परत आल्यावर लगेच पुढच्या खेपेचं तिकीट शोधू नका. जितके दिवस तिकडे राहिलात किमान तितके दिवस इकडे, हा कुठे लिहिलेला नियम नाही, पण तसंच वागा. सहा महिने तिकडे, दोन महिने नाशिकला, पुन्हा सहा महिने तिकडे असा नमुना दिसला की अधिकारी विचारतो, "तुम्ही राहता कुठे?" त्याचं समाधान झालं नाही तर विमानतळावरूनच परत पाठवतात.