गोष्टीतला शब्द मुलांच्या बोलण्यात कसा आणावा

पहिली ते तिसरीतल्या मुलांपुरतं लिहिते आहे. इंदूरमधल्या मराठी घरांतली मुलं बहुतेक करून हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात जातात. आजीशी मराठी, आईबाबांशी अर्धंमुर्धं आणि खाली खेळायला गेली की अस्सल इंदूरी हिंदी. मराठी गोष्ट त्यांना समजते, हसू येतं तिथे हसतात, पण गोष्टीतला एकही शब्द त्यांच्या तोंडून बाहेर येत नाही. तो कसा आणायचा, एवढंच इथे आहे. गोष्ट कुठली घ्यावी, मुलांना कसं बसवावं हे तुमचं तुम्हाला येतंच. उदाहरणाला मी काऊ-चिऊची गोष्ट घेते, कारण ती सगळ्यांना पाठ असते.

आधी शब्द निवडा. तीन, फार तर चार. दहा शब्द फळ्यावर लिहून पाच-पाचदा उतरवायला लावलं तर अक्षर सुधारेल कदाचित, दुसरं काही होणार नाही. इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅककिऑन या अमेरिकी अभ्यासकांनी शब्दांचे तीन थर सांगितले आहेत आणि ते आपल्याकडेही चोख लागू पडतात. घर, पाऊस, भूक हा पहिला थर. तो न शिकवता येतो. तिसऱ्या थरात एखाद्या विषयापुरते शब्द. शिकवायचे ते मधले: रोजच्या बोलण्यात कमी, पण गोष्टींमधून पुन्हा पुन्हा भेटणारे आणि कुठेही चालणारे. ‘मेण’ अडला तर ‘मोम’ म्हणा आणि पुढे चला. मी निवडते ते ताटकळणे, कुडकुडणे आणि हिरमुसणे. तुमच्या घरच्या गोष्टीत हे शब्द नसतील तर सांगताना घाला. लोककथा आहे, कुणी रागावणार नाही.

पुण्याहून आलेल्या तयार याद्यांवर मात्र फार विसंबू नका. ‘अडगळ’, ‘लगबग’ हे तिथल्या मुलाच्या कानावर येता-जाता पडतात. इथल्या मुलाला ते शिकवावे लागतात.

आणखी एक जात वेगळी काढून ठेवा: हिंदीसारखे दिसणारे, पण मराठीत भलतंच सांगणारे शब्द. शिक्षा, चेष्टा, समाधान, खाली. ‘राजाने चोराला शिक्षा केली’ हे वाक्य हिंदी शाळेतलं मूल न अडखळता वाचतं आणि राजाने चोराला शाळेत घातलं असं समजून पुढे जातं. ‘डबा खाली ठेव’ म्हटलं की डबा रिकामा करतं. असे शब्द मूल कधीच विचारणार नाही, कारण आपल्याला ते येतात अशी त्याची खात्री असते. म्हणून वाचायच्या आधी गोष्ट तुम्ही स्वतः चाळा आणि हे शब्द शोधा. ते वरच्या तिनांत मोजू नका. तिथे आलात की एका वाक्यात फरक सांगा आणि पुढे चला.

पहिल्यांदा गोष्ट सलग वाचा. मध्ये थांबू नका.

आता अर्थ सांगणं. या पायरीने मला सगळ्यात जास्त छळलं आहे आणि वाईट सल्लेही सगळ्यात जास्त इथेच मिळतात.

पहिला सल्ला: ‘मुलांनाच संदर्भावरून ओळखू द्या.’ देऊ नका. चिऊ आतून बाळाची अंघोळ, तीट, पावडर करते आहे आणि काऊ दाराबाहेर पावसात ताटकळला आहे. ‘ताटकळला म्हणजे काय असेल?’ असं विचारलं की उत्तरं येतात: भिजला, रागावला, दार वाजवलं. प्रसंगात सगळीच बसतात आणि सगळीच चुकीची. त्यातलं जे सगळ्यात मोठ्याने ओरडलेलं असतं ते बाकीच्यांच्या डोक्यात राहतं, मग तुमचा खरा अर्थ त्याच्या मागे रांगेत उभा. संदर्भावरून अर्थ काढायला आधी पुष्कळ शब्द हाताशी लागतात, ते या मुलांकडे अजून नाहीत.

दुसरा सल्ला शब्दकोशाचा. एका अवघड शब्दाच्या जागी दुसरा अवघड शब्द येतो, संपलं.

तिसरा आपल्याकडचा लाडका: हिंदी प्रतिशब्द. मेणाला चालतो, जात्याला, उखळीला चालतो. ‘ताटकळणे म्हणजे इंतज़ार करना’ सांगितलंत की मात्र मूल म्हणतं, ‘मी माझ्या बर्थडेची ताटकळतोय.’ त्यात त्याची काही चूक नाही. ताटकळण्यात पाय दुखणं आणि कंटाळणं आहे, ते ‘इंतज़ार’मध्ये सांडून गेलं.

मग सांगायचं कसं? मुलाच्या तोंडचेच शब्द घ्या आणि वाक्य ‘आपण’ किंवा ‘कुणी’पासून सुरू करा: ‘कुणीतरी येईल म्हणून आपण थांबतो, ते येतच नाही, थांबून थांबून पाय दुखतात आणि कंटाळा येतो, तेव्हा आपण ताटकळतो.’ हे वाक्य आधी घरी लिहून ठेवा. ऐनवेळी सुचेल या भरवशावर राहिलात तर तोंडून ‘म्हणजे... वाट बघणे’ हेच निघेल. मग काऊकडे एकदाच परत जा: दार उघडेना, म्हणून काऊ ताटकळला.

बहुतेक जण इथे थांबतात. इथे थांबलात तर शब्द काऊलाच चिकटून राहतो, जगात फक्त कावळेच ताटकळतात. गोष्ट बाजूला ठेवून लगेच तीन वेगळ्या जागा द्या. सकाळी कोपऱ्यावर उभे आहोत, स्कूल व्हॅन येत नाही. अनंत चतुर्दशीला झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले चित्ररथ, बघायला रस्त्याकडेला बसलो आहोत, गर्दी वाढते आहे आणि पहिली झांकी काही दिसत नाही. बाबा दवाखान्यात नंबर लावून बसले आहेत. माणसं वेगळी, जागा वेगळ्या, ताटकळणं तेच. यातली दोन उदाहरणं तरी मुलांनी स्वतः भोगलेली हवीत. विमानतळाचं उदाहरण वर्गातल्या दोघांनाच कळतं.

आता मुलांची पाळी. ‘कळलं का?’ विचारूच नका, ‘हो’शिवाय उत्तर येत नाही. ‘वाक्यात उपयोग करा’ हेही इतक्यात नको, ‘काऊ ताटकळला’ एवढंच परत येईल. त्याऐवजी प्रसंग सांगा आणि ताटकळणं आहे की नाही ते विचारा. आजी ‘आलेच’ म्हणाली आणि लगेच आली? नाही. पोह्याच्या दुकानात तासभर उभे राहिलो, प्लेट काही मिळेना? हो. दिवाळीला दोन महिने आहेत? इथे वर्ग फुटतो, भांडण होतं. होऊ द्या. ‘दिवाळीसाठी आपण उभे थोडेच राहतो!’ असं एखादी मुलगी म्हणाली की काम झालं. प्रत्येक उत्तराला ‘का?’ विचारायचंच, कारण देताना मुलं तो शब्द आपसूक वापरतात.

शब्दाबरोबर त्याची जोडीही द्या: कुणासाठी ताटकळलो, कुणी ताटकळत ठेवलं. नुसतं ‘णे’ लावलेलं रूप दिलंत तर ‘मी ताटकळणे केलं’ ऐकावं लागेल, मी ऐकलं आहे.

मोठ्याने म्हणवून घ्या. ‘ताटकलणे’ ऐकू आलं तर थांबून दुरुस्त करा. हिंदीच्या वर्णमालेत ळ शिकवत नाहीत, त्यामुळे जीभ ल वर घसरते.

शब्दाचं कार्ड करा, भिंतीवर लावा, हरकत नाही. पण शब्द टिकतो तो परत भेटल्याने: दुसऱ्या दिवशी, मग दोन-तीन दिवसांनी, मग पुढच्या आठवड्यातल्या दुसऱ्याच गोष्टीत. मूल चुकीचं वाक्य बोललं तर ‘चूक’ म्हणू नका, तेच वाक्य नीट करून परत म्हणा आणि बोलणं चालू ठेवा.

पालकांना व्हॉट्सॲपवर शब्द पाठवता तेव्हा अर्थ पाठवू नका. अर्थ गेला की संध्याकाळी घरोघरी तोंडी परीक्षा सुरू होते. घरात वापरायचं वाक्य पाठवा: ‘आज ऑफिसातून निघाल्यावर सिग्नलला किती वेळ ताटकळलो ते मुलांना सांगा.’